तळपाय दाखवलेत का?

मागच्या अंकात या सदरात तिळांविषयी चारच ओळी लिहिल्या होत्या : तीळ बदलत असेल तर दाखवून घ्या, वाट बघू नका. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेते. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न मनात असूनही न विचारणाऱ्या बायका मला रोज भेटतात.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. माझ्या थोरल्या भावाच्या पाठीवर एक काळा तीळ होता. तो पसरतोय हे वहिनीच्या लक्षात आलं. काढून तपासला तर मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, निघाला. वेळेत कळलं म्हणून निभावलं, दादा आता ठणठणीत आहे. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की सख्ख्या भावंडांनीही एकदा सगळी त्वचा तपासून घ्यावी. पण मला काहीच होत नाहीये. दुखत नाही, खुपत नाही, मग डॉक्टरांपुढे बसून सांगायचं तरी काय? आणि खरं सांगते, सगळे कपडे काढावे लागतील या विचाराने मी दोनदा घेतलेली वेळ रद्द केली आहे. तिथे नक्की काय करतात?

उत्तर : सांगायचं एवढंच : ‘माझ्या सख्ख्या भावाला मेलॅनोमा झाला होता, मला सगळी त्वचा तपासून घ्यायची आहे.’ हे वेळ घेतानाच फोनवर सांगा. नुसती ‘तपासणी’ म्हटलं की साध्या पुरळासाठी ठेवतात तेवढीच वेळ मिळते, आणि मग घाईघाईत हात-तोंड बघून काम उरकतं. भाऊ, बहीण, आई, वडील किंवा मूल, यांपैकी कुणाला मेलॅनोमा झाला असेल तर आपला धोका साधारण दुपटीने वाढतो. मुळात हा आजार कमी लोकांना होतो, त्यामुळे दुप्पट या शब्दाने हबकून जाऊ नका. पण तुमचं जाणं अगदी रास्त आहे, आणि ‘काही होत नसताना आलात कशाला’ असं कुठलाही जाणता डॉक्टर म्हणणार नाही.

आता कपड्यांचं. तुम्हाला पुढून किंवा मागून उघडणारा सैल गाऊन देतात आणि तपासताना शरीराचा एकेक भाग तेवढ्यापुरता उघडतात. पाठ बघून झाली की पाठ झाकायची, मग पाय. आतले कपडे अंगावर ठेवता येतात. त्यांच्याखाली कुठे तीळ किंवा डाग आहे का, हे डॉक्टर विचारतील. असेल तर सांगा, तेवढी जागा बघून होईल. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसं आधी कळवा. तपासताना खोलीत नर्स असावी किंवा वहिनी सोबत असावी असं वाटत असेल तर तेही सांगा. हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी माफी मागायची गरज नाही. एखादा भाग दाखवायचा नसेल तर ‘हे नको’ म्हणा. उरलेली तपासणी त्यामुळे वाया जात नाही. मी स्वतः वर्षातून एकदा माझ्या मैत्रिणीकडून, तीही त्वचारोगतज्ज्ञच आहे, पाठ तपासून घेते. इतकी वर्षं या व्यवसायात असूनही गाऊनची नाडी सोडताना क्षणभर अवघडायला होतंच. ते होणारच. त्यापायी वेळ मात्र रद्द करू नका.

जाताना हातापायांच्या नखांचं नेलपॉलिश पुसून जा. नखाखाली काय आहे ते रंगामुळे दिसत नाही. चेहऱ्यावर मेकअप नको. केस मोकळे सोडता येतील असे ठेवा, कारण डोक्याची त्वचा भांग पाडून पाडून बघावी लागते. चालू असलेल्या औषधांची यादी न्या, विशेषतः प्रतिकारशक्ती दाबणारं काही घेत असाल तर. भावाच्या रिपोर्टचा फोटो मिळाला तर फार उत्तम. आणि तुम्हाला स्वतःला शंका वाटणाऱ्या जागा कागदावर लिहून न्या. गाऊन घातला की माणूस निम्मं विसरतो, हे मी शेकड्यांनी पाहिलं आहे.

तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. डोकं, कानांच्या मागे, पापण्या, ओठांची आतली बाजू, मान, पाठ, छातीखालच्या घड्या, बेंबी, जांघा, मांड्यांची मागची बाजू, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, तळपाय, वीसही नखं. संशय वाटेल त्या तिळावर हातात मावणारं, दिवा असलेलं एक भिंग टेकवतात, त्याला डर्मोस्कोप म्हणतात. ते साधारण दहापट मोठं दाखवतं, आणि मुख्य म्हणजे त्वचेवरची चमक नाहीशी करून आतली रंगाची जाळी दाखवतं. नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन तीळ त्या भिंगाखाली अगदी निराळे निघतात. दुखत काहीच नाही, टेकवताना गार लागतं तेवढंच.

तळपायांबद्दल मात्र थांबून लिहिते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ मानेवर खाज येते म्हणून आले होते. मी मान बघितली, मलम लिहून दिलं. ते उठून दाराकडे गेले तेव्हा किंचित लंगडत होते. मी पाहिलं, आणि विचारलं नाही. आठ महिन्यांनी ते परत आले. टाचेवर टिकलीएवढा काळा डाग होता, तो भोवरी समजून त्यांनी कितीतरी दिवस भोवरीची पट्टी लावली होती, आणि आता तो चिघळला होता. तो मेलॅनोमा होता, आणि तोपर्यंत तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता. त्या दिवशी मी मोजे काढायला सांगितले असते तर, हा प्रश्न माझ्यापुरता कधी मिटला नाही. तेव्हापासून माझ्याकडे कुणी मुरुमांसाठी आलं तरी जाताना मी तळपाय बघते. तुमची तपासणी संपली आणि मोजे अंगावरच असतील, तर तुम्ही स्वतः म्हणा, ‘तळपाय राहिले.’

तुमच्या वयाला अंगावर बऱ्याच गोष्टी उगवलेल्या असतात : मेण चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी खवले, लालबुंद बारीक ठिपके, मानेवरच्या चामखिळी. या सगळ्या निरुपद्रवी. तीळ बघताना आम्ही काय शोधतो? दोन अर्धे एकमेकांशी न जुळणारा, कड वेडीवाकडी, एकाहून जास्त रंगांचा, ६ मिलिमीटरहून रुंद, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा किंवा त्याहून मोठा. ही चार लक्षणं न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी १९८५ साली मांडली, पाचवं २००४ साली जोडलं गेलं : बदल. माझ्या मते पाचवं पहिल्या चारांहून मोलाचं आहे. तुमच्या वहिनीने तेच ओळखलं. आणखी एक खूण घरच्या घरी वापरता येते. एका माणसाचे तीळ सहसा एकाच कुळातले दिसतात. त्या कुळात न बसणारा, वेगळ्याच तोंडवळ्याचा एखादा असेल तर तो दाखवायचा.

जुन्या तिळावर डोळा ठेवला की झालं, असं समजू नका. दहांपैकी साधारण सात मेलॅनोमा आधी तीळ नसलेल्या, कोऱ्या त्वचेवर उगवतात. त्यामुळे आता या वयात नव्याने आलेला, वाढत जाणारा काळा डाग दिसला तर वार्षिक तपासणीची वाट बघू नका. पहिल्या भेटीत शंकास्पद तिळांचे फोटो काढून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच होते. पुन्हा किती महिन्यांनी यायचं ते डॉक्टर तुमचे तीळ बघून सांगतील. मधल्या काळात महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, दोन आरसे घेऊन स्वतः बघा. पाठीसाठी घरातल्या कुणाला तरी हाक मारा. तुमच्या दादाच्या बाबतीत वहिनीच उपयोगी पडली.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, सावळा, जवळजवळ काळाच म्हणा. त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो असं ऐकून आहे. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखात एक उभी काळी रेघ आहे. दीड वर्षापूर्वी दारात बोट चेमटलं होतं, त्याचंच असावं असं घरचे म्हणतात. आधी केसाएवढी होती, आता जरा रुंद वाटते. तपासणीला जायची गरज आहे का?

उत्तर : हो. आणि याच महिन्यात.

का ते सांगते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे सहाएक महिन्यांत मुळापासून टोकापर्यंत नवं होतं. चेमटून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं आणि शेवटी कापून निघतं. दीड वर्षात ते तीनदा निघून गेलं असतं. तुमची रेघ अजून मुळापासून टोकापर्यंत आहे आणि रुंद होते आहे, म्हणजे नखाच्या मुळाशी कुठेतरी रंग तयार होतो आहे. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर अशा रेघा असतात आणि त्या अगदी निर्धोक असतात. पण एकाच नखावरची, रुंदावणारी, विशेषतः अंगठ्याची रेघ बघून घ्यावीच लागते. काळेपणा नखाच्या मुळावरच्या कातडीत उतरला आहे का, तेही उजेडात नीट बघा. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज सर्जन जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ती खूण ओळखली जाते. ती असेल तर दाखवायला आणखी घाई करा. बहुतेक वेळा यातून निरुपद्रवी कारणच निघतं, हेही तितकंच खरं. तरी भिंगाखाली बघितल्याशिवाय ते मी पत्रातून सांगू शकत नाही, आणि घरचेही सांगू शकत नाहीत.

रंगाविषयी. काळ्या-सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, उन्हापासून खरंच संरक्षण देतं, त्यामुळे आपल्यासारख्यांत हे कॅन्सर कितीतरी कमी. पण जे होतात ते जास्त करून ऊन न लागणाऱ्या जागी होतात : तळहात, तळपाय, नखाखाली, जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेच्या कडेला. आणि ‘आपल्याला होत नाही’ या समजुतीपायी ते उशिरा कळतात. जमैकाचे गायक बॉब मार्ली कृष्णवर्णीय होते, फुटबॉल खेळायचे. १९७७ साली त्यांच्या पायाच्या अंगठ्यात मेलॅनोमा सापडला, आधी ती खेळताना झालेली दुखापतच वाटली होती. १९८१ साली, ३६व्या वर्षी ते गेले. नखाखालच्या काळ्या डागाला ‘लागलं असेल’ म्हणून सोडून देणारं पत्र आलं की मला ते आठवतातच.

आणि कुणाच्या अंगावर भाजल्याचा जुना व्रण असेल, तो इतकी वर्षं गप्प होता आणि आता त्यात गाठ येते, रक्त येतं, खपली धरते-पडते, तर तोही दाखवा. तिथे मेलॅनोमापेक्षा स्क्वेमस सेल कॅन्सर, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर, होण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून कोड आहे. पांढऱ्या डागांवर रंगच नाही, मग तिथे कॅन्सर होणारच ना? या भीतीने मी घराबाहेर पडणं कमी केलं आहे.

उत्तर : बाहेर पडा, कृपा करून. कोड असलेल्यांना मेलॅनोमा इतरांपेक्षा कमी होतो, असं मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती रंगपेशींवरच उठते, आणि मेलॅनोमा याच पेशींतून होतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. पांढरा भाग उन्हात लवकर भाजतो, म्हणून पूर्ण बाह्या, टोपी आणि ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन एवढं पाळा. कोडासाठी प्रकाशोपचार घेत असाल तर आतापर्यंत किती बैठका झाल्या त्याची नोंद ठेवा आणि वर्षातून एकदा त्वचा बघून घ्या.

प्रश्न : मी संख्याशास्त्र शिकवतो. निरोगी माणसांची सरसकट त्वचा तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात याला पुरावा आहे का? नसेल तर तुम्ही ती कशाच्या आधारे सुचवता?

उत्तर : सरळ उत्तर : सरसकट सगळ्यांसाठी पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२३ साली हेच म्हटलं : कुठलंही लक्षण नसलेल्या माणसांची डॉक्टरांनी डोळ्यांनी तपासणी करण्याचा फायदा जास्त की तोटा, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. जर्मनीने २००८पासून ३५ वर्षांवरच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी ही तपासणी देऊ केली. तिथे कॅन्सर जास्त सापडू लागले, पण मृत्यू त्या प्रमाणात घटल्याचं स्पष्ट दिसलं नाही. जास्त शोधलं की कधीच त्रास न देणारे डागही सापडतात, विनाकारण काप घेतले जातात, व्रण राहतात, माणसं महिनोन्‌महिने धास्तावतात. हा तोटा मी हलका मानत नाही.

म्हणून मी सगळ्यांना दरवर्षी या, असं म्हणत नाही. मी बोलावते ते ज्यांचा धोका खरोखर जास्त आहे त्यांना : पहिल्या पत्रातल्या ताईंसारख्यांना, अंगावर पन्नासहून जास्त तीळ असणाऱ्यांना, आधी त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना, लहानपणी उन्हाने फोड येईपर्यंत भाजलेल्या गोऱ्या कातडीच्या माणसांना, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना. या शेवटच्या गटात स्क्वेमस सेल कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि तरी त्यांच्यातल्या अनेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मला त्याचा फार त्रास होतो. तुमच्या ओळखीत कुणी मूत्रपिंड बदलून घेतलेलं असेल तर हे त्यांच्या कानावर घाला.

आणि ‘तपासणी’ व ‘तक्रार घेऊन येणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराव्याचा प्रश्न पहिलीचा. तीळ बदललेला माणूस येतो तो दुसरीत मोडतो. त्याच्यासाठी आकडेवारीची वाट बघायची नसते.

प्रश्न : गालावरचा मोठा तीळ एका पार्लरमध्ये जाळून काढून देतात म्हणे. मैत्रीण केस बांधून पाडायला सांगते. कोणतं बरं?

उत्तर : दोन्ही नको. जाळला किंवा बांधून पाडला की तपासायला काहीच उरत नाही. तो साधा तीळ होता की नाही हे मग कुणालाही सांगता येणार नाही, आणि मुळाशी काही राहिलं असेल तर वर नुसता व्रण दिसत राहील. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काढायचाच ठरला तर काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जाणार आहे ना, ते विचारून घ्या.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी माझ्या पाठीवरचा तीळ पूर्ण काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येणार. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो.’ तेव्हापासून झोप नाही. वय ३३. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर : काकूंना तुमची काळजी आहे, पण हे खरं नाही. बायोप्सीमुळे त्वचेचा कॅन्सर पसरतो याला आधार नाही. उलट मेलॅनोमाची शंका असली की तो तीळ भोवतालच्या एक ते तीन मिलिमीटर कातडीसकट पूर्ण काढणं हीच योग्य रीत, आणि तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं आहे. काढलेल्या तिळांपैकी बहुतेक साधेच निघतात.

रिपोर्ट आला की एकट्याने इंटरनेटवर उलगडत बसू नका. त्यात मेलॅनोमा हा शब्द असलाच, तर पुढचा शब्द शोधा : ब्रेस्लो जाडी. अलेक्झांडर ब्रेस्लो या डॉक्टरांनी १९७० साली दाखवून दिलं की गाठ किती खोल गेली आहे, ते मिलिमीटरमध्ये मोजलं की पुढचा अंदाज बांधता येतो. एक मिलिमीटरच्या आतला असेल तर बहुतेकांना आणखी थोडी कातडी काढण्यापलीकडे काही लागत नाही. मग हे विचारा : वरची कातडी फाटलेली होती का, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का. हे तीन प्रश्न आत्ताच एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा.

पाठीवरचे टाके सहसा १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर वजन उचलू नका, पाठ ताणू नका. आणि घरात कुणाला तरी एकाला आज रात्री सांगा. तशीही पट्टी बदलायला तुमचा हात तिथवर पोहोचणार नाही.